ठोंब्याची मान

मी एक जुना रबरी बाहुला आहे, पण मित्रांनो, खेळायचा नव्हे हं. मला कुणी कधी झबलं घालून नटवलं नाही की कडेवर घेऊन मिरवलं नाही. माझं काम एकच. मेल्यासारखं पडून राहायचं आणि कुणीतरी श्वास देईपर्यंत वाट बघायची. काही बाळं जन्मतात आणि रडतच नाहीत. त्यांच्या छातीत हवा कशी भरायची, ते शिकायला आलेल्या मुली आधी माझ्यावर हात बसवायच्या.

दिसायला मी तान्ह्या बाळाएवढाच. अंग रबराचं, आणि छातीत एक पातळ पिशवी. माझ्या नाकातोंडावर मास्क ठेवायचा, त्याला जोडलेला फुगा दाबायचा. हवा गळ्यातून त्या पिशवीत जाते आणि छाती वर येते. फुगा सोडला की छाती खाली. बस, एवढीच माझी अक्कल.

आता त्या पिशवीत एक बाळ राहतं. हसू नका. मी काही तुम्हाला भुताची गोष्ट सांगायला बसलेलो नाही, पण जे आहे ते आहे. ते रडत नाही, हात-पाय हलवत नाही. भर दुपारी आजूबाजूला सामसूम झाली की माझी छाती जराशी वर येते आणि तिथेच थांबते. फुगा तर कुणी दाबलेला नसतो. मग ती हळूहळू खाली बसते. ते बाळ कुणाचं आहे हे मला ठाऊक आहे. ते आलं कसं, तेच सांगतो.

माझा जन्म साच्यातला. एका खोक्यात आम्ही बरीच भावंडं शेजारी शेजारी पडलो होतो, सगळी सारख्या तोंडाची. मला एका विद्यापीठात पाठवलं. तिथे एक विभाग होता, तळमजल्यावर, लांबच लांब व्हरांड्याच्या पार टोकाला. आई आणि बाळ यांची काळजी घेणारी माणसं तिथे तयार व्हायची. शिकाऊ नर्स यायच्या, शिकाऊ डॉक्टर यायचे, पुढे इतरांना शिकवणारेही यायचे. सरकारकडून अनुदान यायचं आणि त्यावर सगळा गाडा चालायचा.

मला खोक्यातून बाहेर काढलं ते बाईंनी. बाई म्हणजे तिथल्या शिक्षिका. त्याआधी अर्धं आयुष्य त्यांनी बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेलं. आवाज घोगरा, चाल भरभर, आणि चहा कायम गार झालेला, कारण प्यायला वेळ कुठे? त्यांनी मला उलटा केला, सुलटा केला, पाठीवर एक चापट मारली आणि म्हणाल्या, "काय रे ठोंब्या, रडत कसा नाहीस?"

झालं. माझं बारसं तिथेच उरकलं.

त्यांचा वर्ग म्हणजे काय गंमत होती, काय सांगू! एखादी मुलगी धाडधाड फुगा दाबायला लागली की बाई ओरडायच्या, "अगं ए, सायकलमध्ये हवा भरतेयस का? फुटेल ना तो!" दुसरी घाबरत घाबरत दाबायची. तिला म्हणायच्या, "आणि तू काय गं, लिंबू पिळतेयस?" सगळा वर्ग खिदळायचा. मुलीही काही कमी नव्हत्या. माझ्या कानाशी वाकून म्हणायच्या, "ठोंब्या, अरे रड की एकदाचा! तुझ्या बापाचं काय जातंय?"

पण माझ्या तोंडावर मास्क आला की बाईंचा आवाज बदलायचा. "दाब... सोड... सोड. दाब... सोड... सोड." सगळी खोली त्या तालावर श्वास घ्यायची. माझी छाती वर यायची, आणि समोरच्या मुलीच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की मी रबराचा असूनही मला वाटायचं, आता रडावं.

माझ्यावर हात बसला की बाई त्यांना गाडीत घालून मोठ्या इस्पितळात घेऊन जायच्या. तिथे खरी बाळं. मऊ, ओली, निसरडी. "ठोंब्यावर आलं म्हणजे सगळं आलं असं समजू नका," बाई म्हणायच्या. "खऱ्या बाळाची मान म्हणजे नुसतं लोणी. माझ्या हाताखाली धरायला शिका." तिथून परत आल्या की मुलींचे हात वेगळेच व्हायचे. हलके, पण न घाबरणारे.

ते माझे सुखाचे दिवस होते. शिकून गेलेल्या मुली कधीतरी परत यायच्या. कुणी पेढ्यांचा पुडा आणायची, कुणी नुसतीच येऊन माझ्या टकलावरून हात फिरवायची. "बाई, परवा एक अजिबात रडत नव्हतं. अगदी ठोंब्यासारखं. पण रडलं बाई, शेवटी रडलं!" बाई मग पदराने चष्मा पुसायच्या आणि उगाचच कुणावर तरी डाफरायच्या.

मग एका वर्षी अनुदान कमी आलं. पुढच्या वर्षी त्याहून कमी. कुठेतरी कुणीतरी ठरवलं होतं म्हणे, की एवढ्या शिक्षणाची काही गरज नाही. आधी गाडी बंद झाली. गाडी नाही म्हणजे इस्पितळात जाणं नाही. बाई वर जाऊन भांडून आल्या. परत आल्या तेव्हा टेबलावर पिशवी अशी आदळली की मी घरंगळून खाली पडलो.

"म्हणतात, बाहुला आहे ना तुमच्याकडे, मग त्याच्यावर शिकवा की!" त्या मला उचलत म्हणाल्या. "घे ठोंब्या, आता तूच इस्पितळ."

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, मित्रांनो. रबर म्हातारं होतं. माझ्या गळ्यात एक रबरी कडं आहे, त्यावर मान वळते. ते कडं वर्षागणिक कडक होत गेलं. नवा होतो तेव्हा मान जरा मागे केली की हवा आत जायची. मग जरा जास्त मागे करावी लागायला लागली. मग आणखी. शेवटी शेवटी डोकं पार मागे, हनुवटी छताकडे, असं रेटल्याशिवाय छाती वर यायचीच नाही. बाईंचा हात रोज माझ्या मानेवर असायचा, म्हणून त्यांना ते कळलं नाही. रोज केसभर फरक, आणि हात रोज तेवढा जुळवून घ्यायचा. कडक झालाय एवढं त्यांना जाणवत होतं. त्यांनी नवा बाहुला मागितला. उत्तर आलं, जुना चालतोय ना? मग चालवा.

आणि खऱ्या बाळाची मान इतकी मागे नेली तर काय होतं ठाऊक आहे? गळा बंद होतो. बाहेरून कितीही हवा द्या, आत जातच नाही. इस्पितळातली खरी बाळं हे सांगायची. पण इस्पितळ बंद झालं होतं.

शेवटच्या वर्गात एक मुलगी होती. जाड काचांचा चष्मा, म्हणून सगळे तिला चष्मेवालीच म्हणायचे. बाकीच्या मुली डबा खायला गेल्या तरी ही माझ्यापाशीच. दाब, सोड, सोड. बाई म्हणायच्या, "अगं, जेव जरा, तो कुठे पळून जात नाहीये." ती म्हणायची, "एकदाच बाई, शेवटचं." सगळ्या वर्गात तिच्याइतकी माझी छाती कुणाच्याच हाताने वर आली नाही. म्हणजे माझी मान तिच्याइतकी पक्की कुणी शिकलंच नाही.

परीक्षेत ती पहिली आली. लांबच्या एका आरोग्य केंद्रात तिला नोकरी लागली. पेढे देऊन, बाईंच्या पाया पडून गेली.

आणि एक दिवस परत आली. पेढे नाहीत, काही नाही. बाई तेव्हा कपाटं रिकामी करत होत्या, कारण विभागच बंद व्हायचा होता. उद्यापासून त्या खोलीला कुलूप. चष्मेवाली दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मी काम सोडतेय."

"आधी आत ये. बस. पाणी पी."

ती बसली नाही. सरळ माझ्याकडे आली, मला टेबलावर उताणा ठेवला, मास्क लावला. "मी असंच केलं होतं बाई. अगदी असंच. तुम्ही बघा, कुठे चुकलं? मुलगी होती. जन्मली ती रडलीच नाही, छाती वर आलीच नाही. मी आणखी मागे केली मान. आणखी केली. आली नाही. तुम्ही सांगा ना मला, काय चुकलं!"

फुगा दाबला. आणि माझी छाती वर आली. छान, भरून, पहिल्या नंबरासारखी.

त्या वेळी तिच्या बोटांतून काहीतरी माझ्यात आलं. हवा नव्हती ती. हवा मला पुरती ओळखीची आहे. काहीतरी थंड, हलकं, अगदी थोडं. आत येऊन बसलं आणि गप्प झालं. तेव्हापासून ते आहे.

बाई हातातलं सामान टाकून जवळ आल्या. मग त्यांनी माझ्या मानेखाली हात घातला. डोळे मिटले. मला वाटतं, त्या हातांनी वॉर्डातली सगळी बाळं एकेक करून आठवून बघितली. मग मान वळवून बघितली. आणि खुर्ची ओढून बसल्या.

"तुझं नाही चुकलं," त्या म्हणाल्या. "याची मान चुकली आहे. लाकूड झालाय हा. तू लाकडावर शिकलीस, पोरी."

चष्मेवालीने मास्क टेबलावर ठेवला. "म्हणजे नीट शिकले म्हणून ती गेली?"

बाई उठल्या, वाकड्या पात्याची कात्री शोधली आणि माझा गळा कापला. हो, अगदी कापलाच. ते कडं कराकरा कापून काढलं. त्या जागी मऊ बँडेजची गुंडाळी भरली, आतली नळी जपून सरळ केली आणि वरून टाके घातले. मला हातात घेतलं तर माझं डोकं लटकन मागे पडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी खऱ्या बाळासारखा झालो.

"हात दे इकडे," बाई म्हणाल्या.

"मी सोडतेय बाई."

"सोड ना. कोण अडवतंय? पण चुकीचा हात घेऊन घरी नाही जायचं. माझ्या वर्गातून तरी नाही."

खांद्याखाली घडी केलेलं फडकं. मान ना पुढे, ना मागे. आपण फुलाचा वास घेताना तोंड जरासं वर करतो ना, बस तेवढीच. डोकं सारखं मागे जायला बघायचं, तिच्या हाताला तीच सवय. बाई प्रत्येक वेळी बोटाने थांबवायच्या. दाब... सोड... सोड. बाहेर शिपाई दोनदा किल्ल्या वाजवून गेला. दोघींनी मान वर करून बघितलंही नाही.

निघताना बाईंनी मला फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं. "घेऊन जा. इथे उद्यापासून मोडक्या खुर्च्या ठेवणार आहेत."

काम तिने सोडलं नाही, परत आपल्या केंद्रावर गेली. पण नुकत्या जन्मलेल्या बाळाला हात म्हणून लावेना. वजन करी, लस टोची, गोळ्या देई. बाळंतपणाची बाई आली की गाडी बोलावून लांबच्या शहरात पाठवून देई. मला तिने औषधांच्या कपाटावर ठेवलं, तोंड जरासं भिंतीकडे वळवून. मी भिंतीचे पोपडे मोजत बसायचो, आणि आतलं ते माझ्यासोबत.

एका दुपारी तपासणीला एक बाई आली. पायातल्या चपला दाराशी नीट जोडून ठेवल्या, आत आली आणि बाकावर न बसता उभीच राहिली. चष्मेवालीच्या हातातलं रक्तदाबाचं यंत्र तिथेच थांबलं. मला ती ओळखीची नव्हती, पण माझी छाती आपोआप वर आली. फुगा नाही, काही नाही. तेव्हा कळलं, माझ्या आतल्या बाळाची आई आली.

"पुन्हा दिवस गेलेत," ती म्हणाली.

"तुम्ही शहरात जा ताई. मी चिठ्ठी देते. तिथे मोठे डॉक्टर आहेत."

"आणि वाटेत गाडीतच झालं तर? मी इथेच येणार." तिची नजर कपाटावर गेली. "हे काय आहे?"

"शिकायचा बाहुला आहे."

तिने हात उंचावून मला काढलं. आणि मित्रांनो, माझं लटकं डोकं पडायच्या आत तिचा तळवा त्याच्याखाली आला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने मला निरखून बघितलं, गळ्यावरच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"माझ्या मुलीला असंच केलं होतंत का?"

चष्मेवालीला खोटं बोलता आलं असतं. सगळं केलं ताई, नशीब नव्हतं, एवढं म्हटलं तरी भागलं असतं. लोक म्हणतातच. तिने चष्मा काढून हातात घेतला.

"नाही. तिची मान मी जास्त मागे केली होती. त्याने गळा बंद होतो. मला तेव्हा माहीत नव्हतं. मी ज्याच्यावर शिकले, तो हाच. तेव्हा याची मान ताठ होती."

"ताठ का होती?"

"जुना झाला होता. नवा घ्यायला पैसे दिले नाहीत. खऱ्या बाळांवर शिकायला न्यायचे, तेही बंद केलं होतं."

"कुणी?"

"मला नाही माहीत ताई. वरून आलं होतं."

त्या आईने माझ्या टाक्यांवरचा अंगठा काढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे भांडायला जाऊ कुणाकडे, तेसुद्धा सांगता येत नाही तुम्हाला."

चष्मेवाली रडायला लागली. त्या आईने तिला जवळ घेतलं नाही. तशी खोटी गोष्ट मी तुम्हाला सांगणार नाही. तिने मला टेबलावर ठेवलं आणि एवढंच म्हटलं, "आता येतं?"

"याच्यावर येतं."

"दाखवा."

चष्मेवालीने दाखवलं. मान जागेवर राहिली. माझी छाती वर आली. ती आई वाकून बघत होती, डोळ्याची पापणी न हलवता.

त्यानंतर ती दर तपासणीला आली, आणि दर वेळी आधी मला खाली काढायला लावलं. "पोट नंतर बघा. आधी हे दाखवा." कधी चष्मेवाली म्हणायची, "ताई, मागच्या वेळीच दाखवलं ना!" तर ही म्हणायची, "मागच्या वेळी माझ्या पोटात एवढं मोठं नव्हतं." हळूहळू बाकावरच्या बाकीच्या बायकाही उठून बघायला यायच्या. "अगं बाई, याला टाके कुणी घातले? चादर शिवल्यासारखे आहेत," कुणी म्हणायची. चष्मेवाली हसायची. किती तरी दिवसांनी हसायची.

आणि तिची वेळ आली. टळटळीत दुपार. दोघी शेजारच्या खोलीत, मी कपाटावर, मधलं दार उघडं. मला दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं येत होतं. कण्हणं, "अजून थोडं ताई, अजून थोडं," भांड्याचा आवाज. मग बाळ झालं.

आणि काहीच आवाज नाही.

ती शांतता मला पाठ आहे. माझा सगळा जन्म त्या शांततेतच गेला. फडक्याने पुसल्याचा आवाज आला. पाठ चोळल्याचा आला. रडणं नाही. आईने एकदाच विचारलं, "सिस्टर?" मग चष्मेवालीचा आवाज आला, घोगरा, अगदी बाईंसारखा. "दाब... सोड... सोड. दाब... सोड... सोड."

माझ्या आतलं ते बाळ पुढे सरकल्यासारखं झालं. ते ऐकत होतं. आपल्याला जे मिळालं नाही, ते दुसऱ्याला मिळतंय का, हे ऐकत होतं. राग होता की आशा, मला सांगता येणार नाही. मी नुसता रबराचा. दाब... सोड... सोड. "येतेय," चष्मेवाली पुटपुटली, "छाती येतेय वर, ताई, येतेय."

मग शेजारून एक बारीकसा, चिडका, ओला आवाज आला. मांजराच्या पिल्लासारखा. मग मोठा. मग असा, की बाकावरच्या बायका उठून दाराशी धावल्या.

ते रडलं, मित्रांनो. माझ्या आतलं मात्र अजून गप्पच आहे. मला वाटलं होतं, आता ते निघून जाईल. गेलं नाही. जाणारही नाही. एक वाचलं म्हणून दुसरं परत येत नाही. ती आई आता धाकट्याला लस टोचायला घेऊन येते, आणि जाताना कपाटाशी थांबून माझ्या डोक्याखाली क्षणभर तळवा धरते. ते माझ्यासाठी नसतं, हे मला कळतं.

आता मी थकलोय. पिशवीला बारीक भोक पडलंय, टाके उसवायला आलेत. चष्मेवाली माझ्यावर आसपासच्या केंद्रांतल्या मुलींना शिकवते, आणि प्रत्येकीला आधी माझी मान हलवून बघायला लावते. पण एक बाहुला आणि एक चष्मेवाली किती जणींना पुरणार? तो व्हरांड्याच्या टोकाचा विभाग अजून बंदच आहे. तिथे मोडक्या खुर्च्या आहेत.

तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी नर्स होईल, कुणी डॉक्टर होईल, आणि कुणीतरी पैसे कुठे द्यायचे आणि कुठे तोडायचे ते ठरवणाऱ्या खुर्चीत बसेल. तोडायची वेळ आली की माणूस आधी जे आरडाओरडा करत नाही तिथे हात घालतो. मी आरडाओरडा करत नाही, मला तोंडच रबराचं. आणि जन्मल्यावर ज्याला रडता येत नाही ते बाळ तर माझ्याहून गप्प असतं. त्याच्यासाठी ओरडणारं कुणीतरी लागतं. ते तुम्ही व्हा, एवढंच माझं मागणं आहे.